पहिल्या घाण्याचं मीठ

माय, डॉक्टरनं माझं मीठ बंद केलं आहे. गेल्या महिन्यात चक्कर येऊन अंगणातच खाली बसलो, पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या नातीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे न पाहता सुनेला सांगितलं, आजोबांच्या जेवणातून मीठ काढा. तेव्हापासून अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भाकर. पहिले आठ दिवस मी ताटावर बसून भांडलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालायला लागतं. काल नातवानं बाजारातून सगळ्यांसाठी गीला वडा आणला, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सुनेनं माझ्यासाठी घरी वेगळा केला, बिनमिठाचा. जीव लावून केला होता बिचारीनं. दही होतं, जिरेपूड होती, हिरव्या मिरचीचा ठसकाही होता. पण मी आपला तोंडात घोळवतो आहे, घोळवतो आहे, आणि काय खातो आहे तेच कळत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटलं, "छान झालाय." आणि हे म्हणताना मला तो आठवला, परकोटाबाहेरचा तुझा वडेवाला. असाच चेहरा करायचा तो. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून आज सकाळीच वही घेऊन बसलो. तू होतीस तेव्हा जे तोंडानं सांगायला हवं होतं, ते आता लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं.

तू परकोटाच्या दगडी तटाआतल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होतीस. मी चार वर्षांचा असताना बाबा गेले, आणि तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून तू एक ट्रंक आणि मला घेऊन अमरावतीला आलीस. सातवी पास होतीस, तेवढ्यावर नोकरी मिळाली, ती जन्मभर केलीस. शाळेत तू पुस्तकातल्यासारखं बोलायचीस. "मुलींनो, रांगेत उभ्या राहा, पायांचा आवाज करू नका." आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की तुझी वऱ्हाडी सुरू. लहानपणी मला वाटायचं, फाटकाशी कुणी दुसरी बाई उभी असते आणि तुम्ही दोघी जागा बदलता. त्या बाहेरच्या बाईला गावातलं सगळं पाहायचं असायचं. पोपटाकडून भविष्य काढणाऱ्याशी तू एकदा भर रस्त्यात वाद घातलास, "तुया पोपट डाव्या अंगच्याच चिठ्ठ्या उचलते, मी कवाची पाहून राहिली." थेटराबाहेर वजनाचं यंत्र आलं तेव्हा तू मला त्याच्यावर उभं केलंस, आणि खाली पडलेल्या तिकिटाच्या मागे लिहिलं होतं, तुमचा विवाह लवकरच होईल. मी नऊ वर्षांचा. तू तिथेच भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. विधवा बाई रस्त्यात अशी हसते याचं लोकांना नवल वाटायचं, आणि मोठा झाल्यावर मलाही वाटायला लागलं. नवल नव्हे, लाज. हा शब्द आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

वडेवाल्याचा गाडा परकोटाच्या दरवाज्याबाहेर कडुनिंबाखाली लागायचा, दुपारी चारच्या सुमारास. उडदाची डाळ त्याची बायको सकाळी घरी पाट्यावर वाटायची, पण त्यात मीठ घालत नसे. उडदाच्या वाटणात मीठ आधी पडलं तर त्याला पाणी सुटतं, वडा फुलत नाही आणि तेल पितो. म्हणून मीठ गाड्यावरच, कढई तापल्यावर. तळलेला वडा मिठाच्या ताकात बुडायचा, मऊ झाला की पळसाच्या द्रोणात, वर दही, वर चटणी. म्हणजे वाटणात मीठ, ताकात मीठ, चटणीत मीठ, आणि एक चुकलं की तिन्ही चुकली. त्यातून ते खडेमीठ, पावसाळ्यात ओलं, उन्हाळ्यात कोरडं. ताक एक दिवस आंबट, एक दिवस गोड. मापाच्या वाटीनं हे काम होत नाही, जिभेनंच होतं. आणि त्याच्या घराण्याची एक रीत होती, की विकायचं अन्न विकणाऱ्यानं आधी तोंडात घालायचं नाही, ते उष्टं होतं. पहिल्या घाण्यातला पहिला वडा बाहेरच्या माणसाला द्यायचा, तो सांगेल तसं मीठ सावरायचं, मग विक्री. कधी तो टांगेवाल्याला हाक मारायचा, कधी पोस्टमनला. विकायचं तो चाखत नसे, पण मिठाचा खडा आणि घरचं ताक रोज जिभेवर ठेवून पाहायचा, आणि त्यावरून त्याचा हात इतका बसलेला होता की ते लोक नुसतीच मान हलवायचे. तुझी शाळा सुटायची तीच वेळ, त्यामुळे कधीमधी तूही सापडायचीस. "मास्तरीनबाई, जरा पाहून सांगा," एवढंच तुमचं बोलणं.

मग ते सायकलवाल्याचं वर्ष आलं. तुमच्या शाळेमागच्या मैदानात एक माणूस आला, सात दिवस पाय खाली न टेकवता सायकल चालवणार म्हणून. गोल गोल. सायकलवरच दाढी, सायकलवरच अंघोळ, भोंग्यावर गाणी, आणि सगळं गाव कामधंदा सोडून बघायला. तू मुलींना त्याच्यावर निबंध घातलास. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि अशा गोष्टींना नाक मुरडायला शिकलो होतो, तरी तुझ्याबरोबर रोज जात होतो. चौथ्या दिवशी सायकलवाला ओरडला, "अरे कोनी गीला वडा खिलवा रे!" मैदानाच्या कडेला गाडा लावलेला तुझा वडेवाला द्रोण घेऊन सायकलीबरोबर धावला, एक फेरी, दोन फेऱ्या, दही सांडतंय, पोट्टे शिट्ट्या मारताहेत. सायकलवाल्यानं चालत्या सायकलवर वडा तोंडात टाकला आणि तसाच थुंकून दिला. "वडा हाय का मिठाचा खडा हाय बे!" लोक पोट धरून हसले, सगळ्यांना तो खेळातलाच भाग वाटला. वडेवाल्यानं द्रोणात उरलेला तुकडा उचलून तोंडात घातला, शांतपणे चावला आणि म्हणाला, "बराबर तं हाय." मीही हसलो. तू हसली नाहीस, तू त्याच्या तोंडाकडे पाहत होतीस. त्याच पावसाळ्यात तो मुदतीच्या तापानं महिनाभर पडून होता, हे तुला ठाऊक होतं. तू गाड्यापाशी गेलीस, पळीभर ताक हातावर घेऊन चाखलंस, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलंस, "कवापासून?" त्यानं झाऱ्यानं कढईतला वडा उलटा केला. मग म्हणाला, "तापातून उठलो तवापासून. माती अन् साखर सारखीच लागते, बाई. कोनाले सांगू नका. अशा मानसाच्या हातचं कोन खाईन?"

दुसऱ्या दिवसापासून तू रोज चारला त्याच्या गाड्यावर. मीठ कमी असलं की तू द्रोण गाड्याच्या कडेवर टेकवायचीस, जास्त झालं की क्षणभर डोळे मिटायचीस, बरोबर असलं की पुढचा घास घ्यायचीस. तोंडानं एक अक्षर नाही. पहिला वडा बाहेरच्यानं खायचा ही रीत गावाला माहीत होती, त्यामुळे त्या रीतीखाली त्याचं गुपित झाकलं गेलं. शनिवारी तुझी सकाळची शाळा, तरी चारला तू घरून निघायचीस. अंगात कणकण असली तरी निघायचीस. आणि एकादशी सोडलीस. इतक्या वर्षांची एकादशी, बाबा गेल्यापासून न चुकवलेली, उडदाच्या वड्यासाठी सोडलीस. तेव्हा मी तुला विचारलं, "काहून?" आणि तू मला सगळं सांगितलंस. आपण स्वयंपाकघरात होतो, तू भाकरी थापत होतीस, पीठ लागलेलं बोट माझ्यासमोर धरून म्हणालीस, "त्याच्या पोटापान्याची गोठ हाय. तुयाशिवाय कोनाले मालूम नाई. तोंड बंद ठेवजो." मी ठेवतो म्हणालो. तो शब्द मी दीड-दोन वर्षं पाळलादेखील.

मग मला अकोल्याच्या एका कचेरीत नोकरी लागली. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरून अमरावती, रविवार तुझ्या हातचं खाऊन सोमवारी पहाटे परत. नोकरी लागली म्हणून स्थळं यायला लागली आणि मूर्तिजापूरचं एक स्थळ मला फार आवडलं. मुलगीही, आणि तिच्या घरचं भारदस्तपणही. मुलीचा मामा अमरावतीतच राहायचा, घर पाहायला तोच येणार होता, शनिवारी संध्याकाळी. मी त्या दिवशी रजा घेऊन सकाळीच आलो होतो. दुपारी तुला म्हटलं, "आज तरी गाड्यावर नको जाऊ." तू पदराला हात पुसत म्हणालीस, "तीस पोट्ट्याईचं शुद्धलेखन तपासतो मानूस. एका वड्याचं मीठ तपासलं तं काय बिघडलं? ते यायच्या अगुदर येऊन जाते मी." आणि मामा नेमका आधी आला. घरात बसून राहणं त्याला जमेना. म्हणाला, चला, तुमच्या मातोश्री येईपर्यंत परकोटापर्यंत फिरून येऊ, तिथं एक गीला वडा झकास मिळतो. मी चप्पल घातली.

आम्ही पोचतो तेव्हा पहिला घाणा नुकताच ताकातून निघतो आहे. गाड्याभोवती सात-आठ माणसं, गप्पा मारत वड्यांची वाट पाहताहेत. वडेवाला दोन्ही हातांनी द्रोण तुझ्यापुढे धरतो. तू एक घास घेतेस आणि डोळे मिटतेस. तो झारा तसाच धरून तुझ्या चेहऱ्याकडे पाहत थांबला आहे. मीठ जास्त झालं हे तुला कळतं, त्याला कळतं आणि लांब उभ्या असलेल्या मला कळतं. तो बिनमिठाचं वाटण आणखी मिसळतो, दुसरा वडा सोडतो, पुन्हा द्रोण तुझ्यापुढे. तू पुढचा घास घेतेस. तो हसतो आणि भोवतालच्यांना द्रोण भरून द्यायला लागतो. मामा मिशीवरून बोट फिरवत हे सगळं पाहतो आहे.

"ह्याच काय तुमच्या मातोश्री?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मग तो गाड्याभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा रे वा! तोंडातून शब्द नाई, सारं डोयाडोयात. आमच्या घरी नवरा-बायकोतबी इतकं जमत नाई बाप्पा." दोन-तीन जण हसले. एक जण म्हणाला, "रोजचंच हाय जी हे. मास्तरीनबाईनं याच्यापायी एकादशी सोडली." आता सगळेच हसले. तू वळून पाहिलंस आणि मी तुला दिसलो. तू मान हलवलीस, हळूच, नको म्हणून. ती मान मी पाहिली होती, माय. मला दिसलीच नाही असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो, पण मी पाहिली होती.

"काय बोलून राहिले तुमी!" मी ओरडलो. "त्याची जीभ गेली हाय! तापात गेली! त्याले मीठ समजत नाई, गोड समजत नाई, काही समजत नाई. मायी माय त्याले मीठ सांगाले येते रोज. नसंन पटत तं विचारा त्याले!"

मामाचा चेहरा क्षणात बदलला. त्यानं तुला हात जोडले. "असं हाय काय! बाई, माफी करा. मोठं मन हाय तुमचं." मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कशाला लपवू? आपल्या आईची अब्रू आपण चारचौघांत राखली असं वाटलं. आणि तेवढ्यात एका माणसानं हातातला द्रोण, अर्धा खाल्लेला, गाड्यावर ठेवून दिला. "म्हंजे आमी बिनजिभ्याच्या हातचं खाऊन राहिलो होतो काय?" दुसऱ्यानंही ठेवला. वडेवाल्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं तुझ्याकडे पाहिलं. तू सांगितलंस का, एवढंच त्याला बघायचं होतं. आणि तू खोटं कधी बोलली नव्हतीस, तू मान खाली घातलीस. कढईतला घाणा जळेपर्यंत तो तसाच उभा होता.

मामानं घर पाहिलं, चहा घेतला, तुझं तोंडभर कौतुक करून गेला. दार लावून तू स्वयंपाकघरात गेलीस. तुझा आवाज चढला नाही, चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. "माह्या नावाले काय होनार होतं?" तू म्हणालीस. "दोन दिस बोलले असते अन् तिसऱ्या दिवशी दुसरं कोनी सापडलं असतं त्याईले. मी ऐकून घेतलं असतं. त्याच्या पोटावर काहून पाय देल्ला तू?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच बोललो. तू म्हणालीस, "माह्यासाठी नाई. मूर्तिजापूरच्या लोकाईसाठी." आणि पिठलं ढवळायला लागलीस. त्या संध्याकाळच्या पिठल्यात मीठ नव्हतं. मी मुकाट्यानं खाल्लं, तूही खाल्लंस. तू मुद्दाम घातलं नव्हतंस की विसरली होतीस हे मी कधी विचारलं नाही, आणि मीठ मागायची तर माझी छाती झाली नाही.

पुढचं मी अर्धं पाहिलं, अर्धं तुझ्याकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तू चारला गाड्यावर गेलीस तर त्यानं द्रोण पुढे केला नाही. "आता नका येऊ, बाई. मायं झालं ते झालं, तुमचं नाव काहून खराब करता?" म्हणजे तोही तुझं नावच राखत होता, पण त्यासाठी त्यानं दुसऱ्या कुणाला बुडवलं नव्हतं. गावानं त्याचं नाव बिनजिभ्या ठेवलं. पोट्टे येऊन वडा खायचे आणि म्हणायचे, मीठच नाही. तो घालायचा. दुसरे म्हणायचे, खारट झालं. तो वाटण वाढवायचा. खरं कोण बोलतंय आणि टिंगल कोण करतंय हे ओळखायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. टांगेवाला एक-दोनदा खरं सांगायचा, पण तोवर त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. महिना-दीड महिन्यात कडुनिंबाखालची जागा रिकामी झाली. तू त्याच्या घरापर्यंत जाऊन आलीस. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बायकापोरांसकट गेला, मोर्शीकडे त्याचे कोणी नातेवाईक आहेत म्हणे. पुढे मोर्शीकडचं कुणी भेटलं, शाळेत त्या बाजूची मुलगी आली, की तू विचारायचीस. कुणाला माहीत नसायचं.

माझं लग्न थाटात झालं. मामानं मांडवात दहा जणांना ती गोष्ट सांगितली, विहिणीचं मन किती मोठं म्हणून. तुझं नाव उजळलं. तू पाटावर बसून सगळं ऐकत होतीस आणि अक्षता चिवडत होतीस. तुझ्या सुनेनं तुला कधी काही कमी केलं नाही, आणि तूही तिला लेकीसारखं वागवलंस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवसानंतर तू माझ्यासमोर गीला वडा कधी खाल्ला नाहीस. एकादशी पुन्हा सुरू केलीस.

आता ते सांगतो ज्यासाठी वही उघडली. पोरगी झाली तेव्हा तुझी सून मूर्तिजापूरलाच, माहेरी, होती. मी अकोल्याहून बाळ पाहायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तुला बातमी द्यायला अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरच्या फलाटावर उभा होतो. पलीकडे छोट्या लाइनीची यवतमाळची गाडी लागली होती, बाया कापसाची गाठोडी घेऊन चढत होत्या. मागून कुणी म्हणालं, "मास्तरीनबाईचे पोरगे ना तुमी?" तो होता. डोक्यावर संत्र्यांची टोपली, दाढी पांढरी. मला वाटलं, आता हा चारचौघांत मला बोलणार, आणि ते मला चाललं असतं. पण तो बोलला नाही. टोपली खाली ठेवून विचारलं, "बाई कशा हायेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. "अजून जातात काय गीला वडा खायाले?" मी नाही म्हटलं. "सोडला?" तो म्हणाला. मग हसला. "मीबी सोडला. संत्र्यात मीठ नाई टाका लागत ना. जीभ नाई, पन बोटाईले समजते. साल सैल अन् वजन जड, ते गोड." तो टोपलीतून एकेक संत्रं उचलून, दाबून, तोलून बाजूला काढायला लागला. माझी गाडी आली तरी त्याचं चाललंच होतं. खांद्यावरचा दुपट्टा सोडून त्यात त्यानं ती बांधली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "बाईले द्या. म्हना, हे तपासा नाई लागत. अन् सांगा, मी इथीच असतो, याच फलाटावर. कवा या बाजूले आल्या तं दिसंन." गाडी सुटली तेव्हा तो हात वर करून उभा होता. त्यानं माझ्याविषयी एक शब्द विचारला नाही आणि एक शब्द ऐकवला नाही.

मला तुझी ओळख होती. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्याच गाडीनं मूर्तिजापूरला गेली असतीस. फलाटावर, त्याच्या टोपलीपाशी उभी राहून संत्रं सोलून खाल्लं असतंस, भर दुपारी, माझ्या सासुरवाडीच्या गावात. तिथल्या बोलण्याची मला भीती वाटली. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. दुसरं कारण असं की तू त्याच्याजवळ उभी राहून माफी मागितली असतीस, चूक माझी असताना, आणि ते मला बघवलं नसतं. त्यानंतर किती वर्षं तू विचारत राहिलीस. वरणात मीठ टाकताना हात थांबवून म्हणायचीस, "त्याचं काय झालं असंन रे? जगला असंन ना?" मी मिठाची गुळणी धरून बसायचो. तुझ्या शेवटच्या दुखण्यातही तू एकदा विचारलंस, आणि मी तुझं पांघरूण नीट केलं. तू गेल्यावर मी मूर्तिजापूरच्या फलाटावर जाऊन पाहिलं. एक हमाल म्हणाला, तो संत्रेवाला तं कवाचाच गेला. कुठे गेला, कसा गेला, हे मी विचारलं नाही.

सून आत्ताच येऊन विचारून गेली, बाबा, काय लिहिताय सकाळपासून? मी म्हटलं, दूधवाल्याला चिठ्ठी. पाहा, अजूनही सवय गेलेली नाही. ही वही मी बंद करून ट्रंकेत ठेवीन, त्याच तुझ्या ट्रंकेत, आणि ती कुणी वाचेल असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट राहिली.

त्या दिवशी मी अमरावतीला पोचलो तेव्हा तू दारातच उभी होतीस. "कोनावर गेली रे पोरगी?" विचारलंस. मी तुझ्यावर म्हटलं. दुपट्टा मी बडनेऱ्याला गाडी बदलताना बाकावर सोडून दिला होता, हातात काही नव्हतं. पाया पडायला वाकलो, तर तू माझे दोन्ही हात धरलेस आणि नाकाशी नेलेस. "हाताले संत्र्याचा वास येऊन राहिला," तू म्हणालीस. "गाडीत बाजूचा खाऊन राहिला होता," मी म्हटलं. "चांगलं फळ असंन," तू म्हणालीस, "मोर्शीकडचं," आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेलीस.

बाजूला कुणी नव्हतं, माय. डबा अर्धा रिकामा होता. मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत मी एकटा ती सोलत होतो, सालं खिडकीबाहेर टाकत होतो, आणि एकही उरू नये म्हणून खात होतो. फार गोड होती.